खारघरच्या डोंगराखाली गोल्फ खेळायचे असेल, तर कॅडीचे ऐका

ठाण्याहून पहिल्यांदाच खारघरला खेळायला आलेला माझा एक मित्र गेल्या रविवारी ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या अगदी बारीक कापलेल्या गवतावर, बराच वेळ उकिडवा बसून उतार पाहत होता. चेंडूपासून होलपर्यंतचे अंतर फार तर बारा फूट होते आणि त्याला उतार स्वच्छपणे उजवीकडे दिसत होता. आमचा कॅडी, म्हणजे खेळाडूची पिशवी घेऊन सोबत चालणारा मदतनीस, जवळच्याच गावातला तेवीस-चोवीस वर्षांचा मुलगा, त्याच्या शेजारी वाकून हळूच म्हणाला, "सर, डोंगर उजव्या हाताला आहे. चेंडू डावीकडेच येणार." मित्राने आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवला. चेंडू निघाला, क्षणभर सरळ गेला आणि मग डावीकडे वळून होलपासून चांगला दोन फूट लांब जाऊन थांबला.

डोंगराच्या पायथ्याशी ही फसगत सगळ्यांचीच होते आणि तिचे कारण समजून घेण्यासारखे आहे. पायथ्याची सगळी जमीनच डोंगरापासून खाली उतरत गेलेली असते. ग्रीन तयार करताना ते आजूबाजूच्या जमिनीपेक्षा थोडे सपाट केले जाते. पण आपली नजर त्या उतरत्या जमिनीलाच सपाट धरून चालते आणि त्यामुळे ग्रीन उलट डोंगराकडे कललेले वाटते. पावसाचे पाणी मात्र नजरेला भुलत नाही. जुलैमध्ये त्याच ग्रीनवरून पाणी कुठल्या बाजूने वाहून जाते, हे ज्याने पाहिले आहे त्याला उतार वेगळा वाचावा लागत नाही. आमच्या कॅडीने असे कित्येक पावसाळे पाहिले आहेत.

ठाणे आणि नवी मुंबईतले बरेच ओळखीचे लोक मला विचारतात की सह्याद्रीच्या परिसरात गोल्फ खेळायचे तर कुठे जावे. मैदानांची नावे मी खाली सांगतोच, पण माझे ठाम मत असे आहे की डोंगरातले मैदान दाखवणारा खरा वाटाड्या कॅडी असतो. त्याला केवळ पिशवी उचलणारा माणूस समजून आपण त्याचा तर अपमान करतोच, शिवाय स्वतःच्या खेळाचेही नुकसान करून घेतो.

खारघरचे मैदान सिडकोने उभारलेले आहे, म्हणजेच ते सार्वजनिक संस्थेचे आहे, आणि गोल्फ हा फक्त जुन्या बड्या क्लबांच्या सभासदांचा खेळ आहे असे मानणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. सुमारे १०३ हेक्टरांचा हा परिसर डोंगराच्या कुशीत आहे आणि पांडवकड्याचा धबधबा इथून जवळच आहे. मैदान सुरुवातीला अकरा होलचे, म्हणजे अकरा टप्प्यांचे, होते. तेव्हा अठरा होलचा डाव पूर्ण करायचा म्हणून आम्ही पहिले सात होल पुन्हा खेळत असू. पुढे ते अठरा होलचे करण्याचे काम सिडकोने हाती घेतले. ठाण्याहून यायचे तर ट्रान्सहार्बरची पनवेल लोकल सोयीची आहे. बेलापूर ते पेंधर ही मेट्रो १७ नोव्हेंबर २०२३ पासून सुरू झाली, तेव्हापासून सेंट्रल पार्क स्थानकावर उतरून पुढे रिक्षाने येणेही जमते. खांद्यावर गोल्फची पिशवी घेऊन मेट्रोत बसलेला माणूस पाहिला की मला मनापासून आनंद होतो. निघण्यापूर्वी ग्रीन फी (खेळण्याचे शुल्क) आणि टी टाइम (डाव सुरू करण्याची वेळ) यांची फोनवर चौकशी करावी, आणि शक्य असेल तर पहाटेची वेळ घ्यावी, कारण नऊनंतर डोंगराचा खडक तापू लागतो आणि शेवटचे काही होल अंगावर येतात.

खेळताना इथे पाय क्वचितच सपाट जमिनीवर येतात. उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या पायांपेक्षा चेंडू उंचावर असेल तर तो डावीकडे जातो आणि पायांपेक्षा खाली असेल तर उजवीकडे. चढावरून मारलेला चेंडू उंच उडतो पण कमी अंतर जातो, आणि उतारावरून मारलेला चेंडू सखल निघून पुढे बराच घरंगळतो. हे सगळे पुस्तकात वाचून समजते. पण अमुक होलच्या फेअरवेच्या, म्हणजे ग्रीनपर्यंत जाणाऱ्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या, डाव्या कडेला चेंडू पडला की तो स्वतःहून वीस पावले खाली येतो, ही माहिती कोणत्याही पुस्तकात मिळत नाही. ग्रीनवरच्या गवताचेही तसेच आहे. आपल्या हवेत ग्रीनसाठी बहुधा बर्म्युडा जातीचे गवत लावतात, आणि बर्म्युडा म्हणजे आपल्या हरळीचेच कूळ. ज्या दूर्वा आपण गणपतीला वाहतो, त्यांचेच हे भावंड. या गवताच्या पात्यांना एका बाजूचा कल असतो. आपल्या बाजूने पाहताना गवत चकाकते तेव्हा पाती आपल्यापासून दूर झुकलेली असतात आणि चेंडू भरभर जातो. गडद दिसते तेव्हा पाती आपल्याकडे वळलेली असतात आणि चेंडू अडखळतो. मला हे एका ज्येष्ठ माळीमामांनी शिकवले, तेही नुकत्याच कापलेल्या गवतावरून माझा हात धरून उलटसुलट फिरवून.

पावसाळ्यात खेळू नये असे मी म्हणणार नाही, कारण त्या दिवसांत हा डोंगर जसा दिसतो तसा एरवी कधीच दिसत नाही. मैदान खुले असेल तेव्हा जरूर यावे, पण नियम माहीत असावेत. फेअरवेवर साचलेल्या तात्पुरत्या पाण्यातून आणि चिखलात रुतलेल्या चेंडूपासून सोळाव्या नियमाप्रमाणे विनादंड सुटका मिळते. २०१९ पासून असा चेंडू गुडघ्याच्या उंचीवरून सोडायचा असतो. विजा चमकू लागल्या तर डाव तिथेच थांबवावा. हातात धातूची काठी घेऊन मोकळ्या माळावर उभे राहण्यात कसलेही शौर्य नाही.

घाट चढून वर गेले की लोणावळ्याच्या पुढे ॲम्बी व्हॅलीचे मैदान आहे, आणि पुण्याजवळ बावधन-लवळ्याच्या टेकड्यांत ऑक्सफर्डचे. दोन्ही अठरा होलची आहेत, दोन्हीकडे चढउतार भरपूर आहेत, आणि दोन्हीकडे प्रवेशाची चौकशी आधीच करून जावे. पुणे आणि लोणावळा समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे ते सव्वासहाशे मीटर उंचीवर आहेत. हवा विरळ होत जाते तसा चेंडू दर हजार फुटांमागे सुमारे एक टक्का जास्त जातो. म्हणजे खारघरला दीडशे मीटर जाणारा फटका तिथे तीनएक मीटर पुढे पडतो. हा फरक किरकोळ वाटतो, पण ग्रीनच्या मागे दरी असेल तर तो किरकोळ राहत नाही. सिमल्याजवळ नालदेऱ्याला, जिथले देवदारांमधले मैदान लॉर्ड कर्झनच्या आवडीतून तयार झाले, उंची दोन हजार मीटरच्या वर आहे आणि तिथे हाच फरक दहा मीटरांच्या आसपास जातो. मी तिथे एकदाच खेळलो आहे. पहिल्याच होलवर तिथल्या कॅडीने माझ्या हातातला सात नंबरचा आयर्न (धातूच्या डोक्याची काठी) काढून घेतला आणि आठ नंबरचा, म्हणजे चेंडू थोडा कमी लांब नेणारा, दिला. मी काही न बोलता तो घेतला आणि चेंडू ग्रीनवर थांबला.

खेळ चालू असताना सल्ला घेता येतो तो फक्त आपल्या जोडीदाराकडून आणि आपल्या कॅडीकडून, असे गोल्फचे नियमच सांगतात. चेंडूची रेषा दाखवून झाली की आपण पवित्रा घेण्याआधी कॅडीने आपल्या मागून बाजूला व्हायचे, एवढेच बंधन असते. ज्याच्या शब्दाला नियमांनी एवढे महत्त्व दिले आहे, त्याला आपल्याकडे काय मिळते? अली शेर दिल्लीच्या मैदानावर कॅडीचे काम करत मोठे झाले आणि १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारे पहिले भारतीय व्यावसायिक खेळाडू ठरले. १९९३ मध्ये त्यांनी ती पुन्हा जिंकली. २००८ मध्ये इंडियन मास्टर्स जिंकणारे शिवशंकर प्रसाद चौरसिया हे कोलकात्यातल्या गोल्फ मैदानावर माळीकाम करणाऱ्या वडिलांचे चिरंजीव. ज्यांच्या घरातून असे खेळाडू आले, त्या कॅडींना आणि माळ्यांना एका मैदानावर, ज्याचे नाव मी इथे घेणार नाही, भर पावसात क्लबहाऊसच्या छपराखाली येऊ न देता झाडाखाली उभे केलेले मी स्वतः पाहिले आहे. आम्ही आत चहा पीत होतो. त्या दिवशी मी गप्प राहिलो आणि ती गोष्ट मला अजून सलते.

त्यानंतर आमच्या रविवारच्या गटाने काही गोष्टी ठरवून टाकल्या. कॅडीची फी डाव संपताच त्याच्याच हातात द्यायची आणि डाव पावसाने अर्धवट राहिला तरी ती पूर्ण द्यायची. डाव थांबला की सगळे एकाच छपराखाली जायचे, आणि चहा मागवताना कॅडींचे कपही त्यात धरायचे. खेळाडू नसतील त्या संध्याकाळी कॅडींना मैदानावर सरावासाठी वेळ मिळावा, अशी विनंती आम्ही लेखी केली आहे आणि उत्तराची वाट पाहत आहोत. आमच्या कॅडीचा फटका मी पाहिला आहे, म्हणून हे इतक्या आग्रहाने लिहितो आहे. माझ्या जुन्या पाच नंबरच्या आयर्नने त्याने मारलेला चेंडू डोंगराच्या रेषेवर क्षणभर दिसेनासा झाला आणि ग्रीनच्या पुढच्या कडेवर येऊन पडला.

तेव्हा ठाण्याहून, ऐरोलीहून, पनवेलहून जे कोणी या हिवाळ्यात पहिल्यांदा यायचा विचार करत असतील, त्यांनी पहिले तीन डाव तरी मैदानावरची गोल्फगाडी न घेता चालत खेळावेत आणि सोबत कॅडी घ्यावा. पाण्याची बाटली त्याच्यासाठीही आणावी, आणि पहिल्या टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, उभे राहण्याआधी त्याचे नाव विचारून घ्यावे.