पोपटाच्या पाण्यात कॅप्सूल सोडायला सांगणारा तो मेसेज

गेल्या रविवारी सकाळी देवगडहून मावशीचा फोन. "पिंकी कालपासून फुगान बसली हा गो, काय एक खाणा नाय. त्या मेसेजातला औषध पाण्यात घातलंय."

पिंकी म्हणजे मावशीची कॉकटील, तुरेवाल्या छोट्या पोपटाची मादी. आणि मेसेज म्हणजे 'पोपटाला डॉक्टर लागत नाही', जो आमच्या नात्यातल्या सगळ्या ग्रुपांवर फिरतोय. त्यातले पाच मुद्दे असे: रानातला पोपट कुठे डॉक्टरकडे जातो, फुगून बसला तर माणसाची टेट्रासायक्लिन या अँटिबायोटिकची कॅप्सूल फोडून पाण्यात सोडा, डॉक्टरच्या हातात पोपट दगावतोच, दवाखान्यात नेला की वनखात्याची माणसं दारात येतात, आणि दाणे-मिरची दिली की पोपट आजारी पडतच नाही.

दुसऱ्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण त्याने पिंकीचा जीव जाणार होता. मी कणकवलीहून दीड तासात पोचले. पिंकी दांडी सोडून पिंजऱ्याच्या तळाशी बसलेली, पिसं फुललेली, प्रत्येक श्वासाला शेपूट खालीवर. पाण्याची वाटी पिवळी झालेली, तळाला साका, आणि वाटी काठोकाठ भरलेली. आजारी पक्षी बऱ्याचदा पाणी पीतच नाही, मग पाण्यातलं औषध त्याच्या पोटात जाणार कसं? प्यायलाच तरी किती मिलिग्रॅम गेलं, हे कोण सांगणार? कॉकटीलचं वजन शंभर ग्रॅमच्या आसपास, आणि कॅप्सूल साठ-सत्तर किलोच्या माणसासाठी. वर पिंजऱ्यात समुद्रफेस टांगलेला. किनाऱ्यावर सापडणारं माकुलाचं ते हाड म्हणजे कॅल्शियम, आणि पक्ष्याने ते खाल्लं असेल तर टेट्रासायक्लिन त्या कॅल्शियमला चिकटतं, अंगात नीट भिनत नाही.

बरं, फुगून बसणं हा एक रोग नाहीच. ऊब धरायला पक्षी पिसं फुलवतो, कारण काहीही असो. पिंकीच्या पोटात अंडं अडकलं होतं. नर नसतानाही मादी अंडी घालते, आणि अंगात कॅल्शियम कमी असेल तर ते बाहेर ढकलायला जोर पुरत नाही. यावर जगातली कुठलीही अँटिबायोटिक काय करणार? अशी मादी एका दिवसातसुद्धा जाऊ शकते.

आणि ज्या रोगावर या जातीचं औषध खरंच चालतं तो सिटॅकोसिस, पोपटांना जिवाणूंमुळे होणारा रोग. मर्क व्हेटरिनरी मॅन्युअल हा पशुवैद्यांचा रोजच्या वापरातला ग्रंथ त्यासाठी टेट्रासायक्लिनच्याच घराण्यातलं डॉक्सिसायक्लिन सांगतो, तेही 45 दिवसांच्या हिशेबाने. दोन दिवस पिवळं पाणी ठेवून तो जात नाही. उलट तो पोपटाच्या वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून माणसाला होतो, न्यूमोनिया होतो. माझ्या मावशीला दमा आहे आणि पिंजरा तीच झाडते. मेसेज लिहिणाऱ्याला याची काही कल्पना?

तिसऱ्या मुद्द्यात मात्र थोडं तथ्य आहे, हे मला मनाविरुद्ध मान्य करावं लागतंय. पक्ष्याला आपल्यासारखा छाती-पोटामधला श्वासाचा पडदा, म्हणजे श्वासपटल, नसतो. छाती पुढे-मागे हलली तरच त्याला श्वास घेता येतो. कुणी मुठीत छाती आवळली तर तो गुदमरतो, आणि खूप थकलेला पक्षी नुसत्या धरण्याच्या धसक्यानेही जातो. आपल्याकडे बहुतेक डॉक्टरांचा हात गाई-म्हशी, शेळ्या, कुत्र्यांवर बसलेला. पण यावर उपाय पक्ष्यांचा डॉक्टर शोधणं हा आहे, डॉक्टर टाळणं नव्हे. आणि शोधायचा तो पोपट ठणठणीत असताना.

फोन करून विचारा: आठवड्याला किती पक्षी येतात? ग्रॅममध्ये वजन करायचा काटा आहे का? तुम्हाला जमलं नाही तर कुणाकडे पाठवता? वजन न करता औषध देणाऱ्याकडून परत फिरा. पोपट विकणारा दुकानदार डॉक्टर नव्हे. पशुवैद्याची पदवी आणि 1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याखालची नोंदणी, दोन्ही असायला हवीत. त्या दिवशी आमच्या तालुक्यातल्या डॉक्टरांनी फोनवर सरळ सांगितलं, "ताई, पक्ष्यात माझा हात नाही. ऊब द्या, अंधारात ठेवा आणि कोल्हापूर गाठा." त्यांनीच तिथला नंबर दिला. माझा विश्वास त्या एका वाक्याने बसला.

पुठ्ठ्याचा खोका, तळाला पंचा, बाजूला कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली, असं करून गगनबावड्याच्या घाटाने गेलो. तिथल्या डॉक्टरांनी खोक्यासकट आधी काट्यावर ठेवलं, मग पिंकीला टॉवेलात घेतलं. मान दोन बोटांत, छाती मोकळी. एक्स-रेत अंडं स्वच्छ दिसलं. कॅल्शियमचं इंजेक्शन, ऊब, ओलसर हवा, आणि रात्री अंडं पडलं.

उरलेले मुद्दे झटपट. रानातला आजारी पोपट डॉक्टरकडे जात नाही, तो मरतो. आपल्याला दिसत नाही एवढंच. वनखात्याचं म्हणाल तर कॉकटील, बजरीगर हे परदेशी पक्षी, त्यांना दवाखान्यात न्यायला घाबरायचं कारण नाही. आपला हिरवा कंठवाला पोपट पाळणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने मुळातच गुन्हा आहे, दवाखान्यात न्या किंवा नेऊ नका. तो जखमी सापडला तर वनविभागाचा 1926 क्रमांक लावा. मिरचीने काही बिघडत नाही, पण नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर 'अ' जीवनसत्त्व आणि कॅल्शियम दोन्ही कमी पडतं. पिंकी चार वर्षं त्यावरच होती. समुद्रफेस टांगलेला होता, पण तिने त्याला कधी चोच लावली नव्हती.

ज्यांनी ज्यांनी हा मेसेज पुढे ढकलला, त्यांनी ज्या ग्रुपांवर टाकला त्याच ग्रुपांवर आज लिहावं की कॅप्सूलचा मुद्दा चुकीचा आहे. आमच्या नात्यात अजून तिघांकडे पोपट आहेत.