‘तिसरा डबा सापडलाच नाही’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू रविवारी रात्रीच वाचला. उत्तराला दोन दिवस लागले, कारण आधी त्या दिवशी आलेल्या आमच्या दोघांशी बोलायचं होतं आणि तुमच्या बाणेरच्या सोसायटीत जाऊन जागा स्वतः पाहायची होती. तुमच्या लेकीच्या वाढदिवसाला आम्ही जिओकॅशिंग हा खेळ ठेवला होता, म्हणजे फोनमधल्या जीपीएसवर जागेचे आकडे टाकायचे आणि बाणामागे जात लपवलेले डबे शोधायचे. त्या दिवशी मी नव्हते, दुसऱ्या कार्यक्रमात होते. पण डब्यांच्या जागांचा कागद मीच मंजूर केला होता, त्यामुळे झाल्या प्रकाराची जबाबदारी माझी.

तुम्ही लिहिलंय की सातपैकी तिसरा डबा मुलांना सापडला नाही, पंचवीस मिनिटं सगळी एकाच भिंतीशी घुटमळली, लहान दोघं रडली. त्या डब्यात आजोबांनी लेकीसाठी हाताने लिहिलेलं पत्र होतं, ते सगळ्यांसमोर वाचायचं होतं, आणि ते हातात पडलं पाहुणे गेल्यावर. शोधता शोधता मुलं पार्किंगच्या रॅम्पवर गेली. डब्यांत खोडरबरं आणि शिट्ट्या, साधं चॉकलेटही नाही. मुलांना घराबाहेर काढायचं म्हणून तुम्ही पैसे मोजले आणि आम्ही त्यांच्या हातात मोबाइल दिला. आणि पैसे परत मागितल्यावर फोनवर ‘आमच्या नियमात बसत नाही’ असं ऐकावं लागलं.

सगळ्यात आधी रॅम्प. डबा भले सापडू नये, पण गाडी येण्याच्या वाटेवर मूल जाता कामा नये. वॉचमनकाकांनी वर येणारी गाडी हात दाखवून थांबवली, हे मला आज त्यांच्याकडूनच कळलं. त्यांचे आभार मानून आले. फोनवरचा बाण सरळ रेषेत दिशा दाखवतो, मध्ये भिंत आहे की रस्ता, ते त्याला कळत नाही. आठ वर्षांचं मूल त्या बाणामागे धावणार हे आम्ही धरून चालायला हवं होतं. यापुढे खेळाची हद्द दोरी बांधून आखू, गाड्यांच्या वाटेच्या आसपास डबा ठेवणार नाही, आणि पाच मुलांमागे आमचा एक मोठा माणूस असेल. तुमच्याकडे चौदा मुलांमागे एकच होता. ते चूकच होतं.

आता डबा. तुम्ही विचारलंत, टॅक्सी बरोबर गेटपाशी येते, मग तुमचाच डबा कसा चुकतो? टॅक्सीला गेटपर्यंतच यायचं असतं आणि नकाशा गाडीला रस्त्यावर धरून ठेवतो. आम्हाला क्रोटनच्या एका कुंडीमागे पोचायचं होतं. उघड्या आभाळाखाली साधा फोन साधारण पाच मीटरपर्यंत जागा बरोबर सांगतो. पण बी विंगच्या पायथ्याशी निम्मं आभाळ इमारतीनेच झाकलंय. उपग्रहाचा सिग्नल तिथे काचांवर, भिंतींवर आपटून येतो. आपटून येणारा सिग्नल जास्त वाट चालून येतो, म्हणून फोन आपल्याला भलतीकडेच उभं करतो. शिवाय उपग्रह फिरत असतात, त्यामुळे सकाळी दहाची चूक संध्याकाळी पाचला तशीच राहत नाही. आम्ही डब्याच्या जागेची नोंद घेतली सकाळी, तीही एकदाच. त्यात मुलांना आकडे सोपे जावेत म्हणून कार्डावर जागेचे अक्षांश-रेखांश दशांशानंतर चारच आकड्यांपर्यंत छापले. पाचवा आकडा गाळला की पाचेक मीटरची चूक तिथेच पडू शकते. आज टेप लावून मोजलं. कार्डावरच्या आकड्यांनी फोन मला रॅम्पच्या भिंतीपाशी घेऊन गेला. तिथून कुंडी सतरा मीटरवर.

तरीही हे दोन मिनिटांत निस्तरता आलं असतं. ज्याने डबा लपवला तो साडेचारला निघून गेला आणि जी थांबली तिच्याकडे आकड्यांपलीकडे काही नव्हतं. डबा ठेवणारा हात शेवटपर्यंत जागेवर हवा, हे मी टीमला पुन्हा पुन्हा सांगते आणि त्या दिवशी मीच तशी ड्युटी लावली नव्हती. पत्राचा क्षण त्यामुळे गेला. तो परत देता येत नाही. लेकीची आणि आजोबांची मनापासून माफी मागते.

बक्षिसांबद्दल मात्र माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. अमेरिकन सरकार नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम चूक मिसळत असे, ती २ मे २००० रोजी बंद झाली. दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मर यांनी ओरेगनच्या रानात एक बादली लपवून जागेचे आकडे इंटरनेटवर टाकले. अट अशी की सापडली तर त्यातलं काही घ्या आणि आपलं काही ठेवा. तिथून हा खेळ सुरू झाला. त्या बादलीत खायच्या बीन्सचा सीलबंद डबाही होता, पण आता खेळणारे खाऊ ठेवत नाहीत, कारण मुंग्या लागतात, जनावरं ओढून नेतात. म्हणजे डब्यातलं खोडरबर हे बक्षीस नव्हे, ती अदलाबदलीची वस्तू. यासाठी प्रत्येक मुलाने घरून एखादी छोटी वस्तू आणायची असते. हे आम्ही फक्त तुम्हाला कळवलं, तेही आदल्या रात्री, आणि बाकी पालकांपर्यंत पोचवा असं म्हटलंच नाही. मग रिकाम्या हाताने आलेल्या मुलांना डबा भिकार वाटला, यात त्यांचा काय दोष! तरी पाचव्या डब्यात कुणीतरी निळी गोटी ठेवून गेलंय, आणि शोधणाऱ्याने नाव लिहायची जी वही डब्यात असते, तिच्यात पेन्सिलीने अकरा नावं आहेत, त्यातलं एक पार पानाबाहेर गेलंय.

मोबाइल आम्ही देतच राहू. गटाला एक, आमचा, सिमकार्ड नसलेला, त्यात नकाशाशिवाय काही नाही. मुलं त्यात डोकं घालून बसत नाहीत, धावतात. पण डबा जवळ आला की फोन खिशात आणि पुढचं कोड्यावरून, डोळ्यांनी. तिसऱ्या डब्याला आम्ही कोडं लिहिलंच नव्हतं. आता कोड्याशिवाय एकही डबा ठेवणार नाही.

नियमाचं कारण पुढे करून पैसे नाकारले, ते चूक झालं. निम्मी रक्कम आज तुमच्या खात्यावर पाठवली आहे. पूर्ण का नाही, तर उरलेले सहा डबे मुलांनी शोधले आणि त्यासाठी आमची माणसं राबली. तुम्हाला हे पटत नसेल तर फोन करा, यावेळी मी स्वतः बोलेन.

सातही डब्यांच्या वह्या वॉचमनकाकांकडे ठेवल्या आहेत, त्या लेकीच्या आहेत. तिसरी कोरी आहे. तिला कधी स्वतः डबा लपवावासा वाटला तर तीच वापरता येईल.