नंबर बरा सापडतो यांना!

पुन्हा तोच फोन! "नमस्कार, मी तुमचा हक्काचा उमेदवार बोलतोय…" बोलतोय कसला, रेकॉर्ड वाजतंय! मी विचारतोय गल्लीतल्या गटाराचं, साहेब आपले विकासावर चालूच. माझं नाव, यादीतला अनुक्रमांक, मतदान केंद्र, सगळं यांच्या ॲपमध्ये. व्हॉट्सॲपवर स्लिपही येते, वर स्वतःचा हात जोडलेला फोटो. (स्लिप उपयोगी पडते, ते नाकारत नाही.) पण त्याच मोबाइलवरून पालिकेच्या ॲपवर तक्रार टाका की, लगेच उत्तर: 'निकाली काढली.' गटार तुंबलेलंच! आचारसंहिता मोडली तर निवडणूक आयोगाचं सी-व्हिजिल हे तक्रारीचं ॲप आहे, २०१८ पासून, १०० मिनिटांत दखल घेण्याचं बोलतं. आमच्या गटाराला कधी लागणार आचारसंहिता?