‘सही करू नका’ म्हणणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

वहिनींनी कुटुंब निवृत्तिवेतन घेण्याच्या विकल्पाचा कागद अर्धा भरून ठेवला होता. तीन आठवडे झाले तरी तो तसाच. फ्रिजवर मेडिकलच्या दुकानातली एक जाड पिशवी, तिच्यात मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, दादाच्या ‘प्रान’ कार्डाची (पेन्शन खात्याच्या क्रमांकाच्या) झेरॉक्स, जॉइंट खात्याचं पासबुक आणि हा कागद. नाव लिहिलेलं, नातं ‘पत्नी’ लिहिलेलं, सहीची जागा रिकामी. मी विचारलं, तर त्यांनी काही न बोलता मोबाइल पुढे केला. मग म्हणाल्या, “ताई, सही केली तर त्यांचे सगळे पैसे सरकारजमा होतात म्हणे. बचत गटाच्या ग्रुपवर आलंय.”

दादा म्हणजे माझा मावसभाऊ. २०११ साली लिपिक म्हणून सरकारी नोकरीत लागला, गेल्या श्रावणात गेला. वय ४३. मुलगी दहावीला, मुलगा सहावीला, घर विटाव्यात भाड्याचं. मी स्वतः बेलापूरला एका सरकारी कार्यालयात आहे आणि आमच्या संघटनेच्या शाखेची खजिनदार आहे. हा मेसेज गेले दोन महिने ठाणे, कळवा, ऐरोलीतल्या ग्रुपवर फिरतोय हे मला माहीत होतं. वाचून सोडून दिला होता. तो वहिनींच्या सहीपर्यंत पोचेल असं वाटलं नव्हतं, ही माझी चूक. म्हणून आता मुद्द्यागणिक लिहिते.

मेसेजचं नाव ‘सरकारी युनियनचा खरा चेहरा’. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं : सरकारी कर्मचारी पेन्शनसाठी एक रुपया भरत नाहीत, सगळं जनतेच्या करातून जातं. संप बेकायदा आहे, सुप्रीम कोर्टानेच तसं सांगितलंय, म्हणजे युनियनच बेकायदा. मार्च २०२३ च्या जुन्या पेन्शनसाठीच्या संपात यांनी घरी बसून पगार घेतला. युनियनवाले वर्गणी खातात. वीस वर्षांत युनियनने काहीही मिळवलेलं नाही. आणि शेवटी, ठळक अक्षरांत : नवीन पेन्शनवाला सेवेत वारला तर घरच्यांना काही मिळत नाही, म्हणून विकल्पाच्या कागदावर सही करू नका, खात्यातली रक्कम पटकन काढून घ्या, नाहीतर सरकार जप्त करेल आणि मुलाची अनुकंपेवरची नोकरीही जाईल.

शेवटच्यापासून सुरू करते, कारण बाकीचं चुकलं तर वाद होतो, हे चुकलं तर घर बसतं.

राज्यात १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर जे सेवेत आले त्यांना जुनी पेन्शन नाही. आधी डीसीपीएस, मग एनपीएस, म्हणजे पगारातून कापलेले पैसे आणि सरकारचा हिस्सा बाजारात गुंतवणारी खाती. ही योजना आली तेव्हा कर्मचारी सेवेत असताना गेला तर घराचं काय, याला धड उत्तर नव्हतं. खात्यात जमलेली रक्कम, बस. चार-पाच वर्षं नोकरी झालेल्या माणसाच्या खात्यात किती जमणार? केंद्र सरकारने २००९ साली आपल्या कर्मचाऱ्यांपुरता यावर मार्ग काढला आणि कुटुंबाला जुन्या नियमांनी कुटुंब निवृत्तिवेतन देऊ केलं. महाराष्ट्राने २०१८ मध्ये काय दिलं? सेवेची दहा वर्षं पुरी होण्याआधी गेला तर १० लाख सानुग्रह अनुदान. म्हणजे माझ्या दादासारखा तेरा-चौदा वर्षं नोकरी झालेला माणूस त्यातही बसत नव्हता. तेव्हा ‘घरच्यांना काही मिळत नाही’ हे एके काळी जवळजवळ खरं होतं, हे मान्य करते. द्वारसभेत, म्हणजे कार्यालयाच्या दारातल्या सभेत, माईक धरून हे वाक्य मी स्वतः कितीदा ओरडून सांगितलंय.

पण ३१ मार्च २०२३ ला वित्त विभागाचा शासन निर्णय निघाला आणि ते चित्र बदललं. एनपीएसमधला राज्य शासकीय कर्मचारी सेवेत वारला तर त्याच्या कुटुंबाला १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांप्रमाणे कुटुंब निवृत्तिवेतन आणि मृत्यू उपदान (ग्रॅच्युइटी) मिळतं. त्यासाठीच तो विकल्प. मेसेज लिहिणाऱ्याने २०२३ च्या आधीची परिस्थिती उचलली आणि तिला २०२३ नंतरचा कागद जोडला. भीती जुनी, कागद नवा. वाचणाऱ्या बाईला यातलं काय कळणार?

आता ‘सरकारजमा’. यात अर्धं खरं आहे, आणि तेवढ्यानेच लोक फसतात. कुटुंब निवृत्तिवेतन घ्यायचं ठरवलं की एनपीएस खात्यातला सरकारने भरलेला हिस्सा आणि त्यावरचा लाभ सरकारकडे परत जातो. हो, जातो. दादाने स्वतःच्या पगारातून भरलेले पैसे आणि त्यावरचा लाभ मात्र कुटुंबालाच मिळतो, आणि हे वाक्य मेसेजमध्ये कुठेच नाही. सरकारचा हिस्सा जातो त्याच्या बदल्यात काय येतं, तेही नाही. आम्ही दोघी वहिनींच्या स्वयंपाकघरातल्या ओट्याशी बसलो आणि मुलाच्या वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. शेवटचं मूळ वेतन समजा ४०,००० धरलं, तर ३० टक्क्यांनी १२,००० कुटुंब निवृत्तिवेतन. सुरुवातीची काही वर्षं दर त्याहून जास्त. त्यावर महागाई भत्ता वेगळा, आणि तो वाढत जाणारा. पत्नीला हयातभर. वहिनींचं वय ३९ आहे. वर्षाचे महिने गुणून झाल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिल्या.

मेसेज ऐकून रक्कम उचलली असती तर? एकदा उचललेल्या पैशातून मागे फिरणं फार कटकटीचं असतं. आणि विटाव्यात भाडं, दहावीचा क्लास, आजारी सासूबाई असं सगळं समोर असताना ते पैसे किती दिवस पुरले असते, हे मी इथे लिहायला नको.

अनुकंपेचं तर मुळापासून खोटं आहे. जुन्या पेन्शनच्या काळात अनुकंपावर लागलेले किती तरी जण आमच्याच मजल्यावर बसतात, आणि त्यांच्या आयांना कुटुंब निवृत्तिवेतन मिळत होतं, काहींना अजून मिळतंय. एकामुळे दुसरं जात नाही. अनुकंपेच्या अर्जाला मुदत असते, तेवढी पाळा. ‘आधी पेन्शनचं बघू, मग अर्ज करू’ असं करून मुदत घालवू नका.

‘एक रुपया भरत नाहीत’. हे लिहिणाऱ्याने २००५ नंतर लागलेल्या कुणाचं पगारपत्रक उघडून बघितलेलं नाही. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून समजा ५५,००० होत असतील, तर १० टक्क्यांनी ५,५०० दर महिन्याला कापले जातात. सरकार १४ टक्क्यांनी ७,७०० घालतं. दादाच्या पगारपत्रकात ही कपात पहिल्यापासून आहे, वहिनींना ती ओळ दाखवली.

जुन्या पेन्शनमध्ये कर्मचाऱ्याचा हिस्सा नसतो, हे खरं. पण म्हणून ती फुकट ठरते का? याचं उत्तर १७ डिसेंबर १९८२ लाच दिलं गेलंय. डी. एस. नाकरा विरुद्ध भारत सरकार. पाच न्यायमूर्तींचं घटनापीठ, सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड, निकाल लिहिला न्यायमूर्ती डी. ए. देसाईंनी. पेन्शन ही मालकाच्या मर्जीवर अवलंबून असलेली बक्षिसी किंवा कृपा नाही, आयुष्यभर केलेल्या सेवेचा तो मोबदला आहे आणि म्हातारपणी दिलेला सामाजिक न्यायही आहे, असं त्या निकालात स्वच्छ म्हटलंय. पेन्शनर मंडळी १७ डिसेंबर पेन्शनर दिन म्हणून पाळतात ते त्यामुळेच. नाकरा स्वतः निवृत्त अधिकारी होते. सुधारित पेन्शन देताना ३१ मार्च १९७९ या तारखेच्या अलीकडचा आणि पलीकडचा पेन्शनर असा भेद का, एवढाच त्यांचा प्रश्न होता. पुढे भरती होणाऱ्यांसाठी सरकार वेगळी योजना आणू शकतं की नाही, हा त्या खटल्याचा विषय नव्हता, तेव्हा आमच्यातले काही जण नाकरा निकाल १ नोव्हेंबर २००५ ला जसाच्या तसा लावतात ते मला पटत नाही. पण ‘फुकट’ हा शब्द मात्र त्या निकालापुढे टिकत नाही. दर महिन्याच्या पगारातला थोडा भाग आत्ता न देता पुढे द्यायचा, असा तो व्यवहार आहे.

संपाच्या बेकायदेपणाबद्दल मेसेजने सांगितलंय त्यात तथ्य आहे. ऑगस्ट २००३ मध्ये टी. के. रंगराजन विरुद्ध तामिळनाडू सरकार या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा मूलभूत, कायदेशीर किंवा नैतिक अधिकार नाही असं म्हटलं. तिथे दीड लाखाहून जास्त कर्मचाऱ्यांना संपामुळे बडतर्फ केलं होतं. निकाल मला मान्य होत नाही, पण तो आहे, आणि नाही असं मी म्हणणार नाही. मेसेजवाला त्यावरून ‘युनियनच बेकायदा’ इथपर्यंत उडी मारतो, ती चूक. संघटना करण्याचा हक्क घटनेच्या १९व्या कलमात लिहिलेला आहे आणि तो सरकारी नोकरालाही आहे. हेही सांगते की मार्च २०२३ च्या संपात लोकांची गैरसोय झाली. दाखल्यासाठी मुरबाडहून, शहापूरहून ठाण्याला येऊन परत गेलेली माणसं होती. त्यांची एसटीची भाडी आमच्यामुळे वाया गेली. त्यांना राग आला असेल तर तो रास्त आहे.

फुकट पगार? तो संप १४ मार्चला सुरू झाला, २० मार्चला मुख्यमंत्र्यांच्या आश्वासनानंतर मागे घेतला गेला. माझे ते दिवस रजेतून गेले, माझ्या रजेच्या हिशेबात दिसतात. पुढे नाही लिहीत.

वर्गणी. आमच्या शाखेची वर्गणी वर्षाला ३०० रुपये. पावतीपुस्तक माझ्या कपाटात असतं, कार्बन घालून फाडते, दुसरी प्रत जपून ठेवते. खर्च : द्वारसभेचा माईक, बॅनर, झेरॉक्स (झेरॉक्सचा खर्च इतका होतो की दर वर्षी त्यावर वाद होतो), मंत्रालयात निवेदन द्यायला जाणाऱ्यांची तिकिटं, आणि कुणी सभासद गेला तर घरी पहिल्या दिवशी दिलेली थोडी मदत. दादाच्या वेळी त्याच्या शाखेने ती दिली होती, वहिनींना आठवतंय. काही शाखांचे हिशेब वेळेवर येत नाहीत. जिल्ह्याच्या बैठकीत मी त्यावरून भांडलेय आणि पुन्हा भांडेन. ज्याला शंका आहे त्याने आपल्या शाखेत जाऊन वही मागावी. सभासदाला ती दाखवायलाच लागते.

आणि ‘वीस वर्षांत काहीही नाही’. १९७७ चा ५४ दिवसांचा संप जाऊ दे. १४ डिसेंबरला सुरू झालेला तो संप आणि कर्मचारी नेते र. ग. कर्णिक हे नाव आमच्या आधीच्या पिढीच्या तोंडी अजून असतं, पण मेसेज वीस वर्षांचं विचारतोय. तर ऐका. ज्यांची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ च्या आधी निघाली पण हजर व्हायला उशीर झाला, त्यांना जुनी पेन्शन घेण्याचा विकल्प २ फेब्रुवारी २०२४ च्या निर्णयाने मिळाला. सुमारे २६,००० कर्मचारी. २५ ऑगस्ट २०२४ ला राज्य मंत्रिमंडळाने केंद्राच्या एकीकृत पेन्शन योजनेला मंजुरी दिली. २५ वर्षं सेवा झाली तर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मं. आमची मागणी ती नव्हती, आम्हाला जुनीच हवी आहे. पण २००५ साली ‘बाजारावर सोडा’ म्हणणारं सरकार निम्म्या पगाराच्या हमीपर्यंत आपल्या आपण आलेलं नाही. ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही घोषणा गावोगावच्या कचेऱ्यांसमोर इतकी वर्षं घुमली नसती, तर कुणी हा विषय काढलाही नसता.

आणि ३१ मार्च २०२३ चा तो कुटुंब निवृत्तिवेतनाचा निर्णय. संप मिटल्यावर अकराव्या दिवशी. सगळं श्रेय त्या सात दिवसांना देत नाही, ती मागणी कितीतरी वर्षांच्या निवेदनांत होती आणि फाइल आधीपासून फिरत होती. पण ती फिरत ठेवली कुणी?

मंगळवारी मी रजा टाकली. सकाळी वहिनींना घेऊन दादाच्या कार्यालयात गेले. वहिनी दादा गेल्यानंतर तिथे पहिल्यांदाच येत होत्या, त्याच्या जुन्या टेबलाशेजारून जाताना थोड्या थांबल्या. टेबलावर आता दुसरं कुणीतरी बसतं. आस्थापनेच्या बाईंनी उठून खुर्ची दिली. विकल्पावर सही झाली, मुलांच्या जन्मदाखल्यांच्या प्रती जोडल्या, अनुकंपेचा अर्ज वेगळा दिला. आता प्रस्ताव पेन्शनला मंजुरी देणाऱ्या महालेखापालांकडे जाईल. सेवापुस्तकात एका वर्षाची सेवा पडताळणी राहिलेली निघाली, ती करून घेण्यासाठी पुढच्या आठवड्यात पुन्हा जायचंय.

शासन निर्णयाची पीडीएफ मी वहिनींच्या बचत गटाच्या ग्रुपवर त्याच मेसेजच्या खाली टाकली आहे. दुपारपर्यंत कळव्याच्याच एका बाईंचा फोन आला. त्यांचा नवरा तलाठी होता. त्यांचा कागदही घरी तसाच पडलाय. गुरुवारी संध्याकाळी त्यांच्याकडे जाणार आहे.