एकाच घरात अकरावी आणि दहावी

हायस्कूलच्या जुन्या शिक्षकांवरचा लेख वाचला. त्यात त्यांच्या छडीचीच आठवण जास्त आली आहे. छड्या आम्हीही खाल्ल्या, त्यांचे समर्थन मी करणार नाही. पण हायस्कूल म्हटले की मला १९७५ साल आठवते. महाराष्ट्रात तोवर एस.एस.सी.ची परीक्षा अकरावीला असे, ती दहावीला आली. त्यामुळे त्या वर्षी जुन्या अकरावीची मुले आणि नव्या दहावीची पहिली तुकडी अशी दोन्ही एस.एस.सी.ला बसली. आमच्या घरात दादा अकरावीला, मी दहावीला. एरवी थोरल्याची पुस्तके धाकट्याला मिळायची, माझ्या वाट्याला ती आलीच नाहीत, अभ्यासक्रमच वेगळा!

आमच्या बीजगणितात संच आले होते. गणिताचे सर धोतर-कोटातले, निवृत्तीला टेकलेले. त्यांनी वर्गात सरळ सांगितले, "पोरांनो, हे मी कधी शिकलो नाही. आधी मी शिकतो, मग तुम्हाला शिकवतो." तालुक्याच्या कॉलेजात एक प्राध्यापक होते, त्यांच्याकडे सर दर रविवारी सायकलवरून जायचे. सोमवारी फळ्यावर संचांची वर्तुळे काढताना चेहऱ्यावर काय आनंद असायचा! परीक्षेआधी दोन महिने शाळेतच रात्रीची अभ्यासिका, पेट्रोमॅक्सच्या उजेडात. सर व्हरांड्यात घोंगडी अंथरून झोपत आणि पहाटे चारला एकेकाला नावाने उठवत. याचे त्यांनी कुणाकडून पैसे घेतले नाहीत. वडील एकदा गुळाची ढेप घेऊन गेले, तर त्यांनी तीही अभ्यासिकेतल्या मुलांच्या चहासाठी ठेवून घेतली.