धर्माच्या गायीचे दात

'धर्माची गाय आणि दात का गं नाय' असं विचारणाऱ्याला जग हसतं. फुकटचा अँटीव्हायरस निवडताना मात्र मी त्या विचारणाऱ्याच्या बाजूचा आहे. इथे दात मोजायलाच हवेत. गायीला ते भरपूर असतात. कोणाला चावायला ठेवलेत, एवढाच प्रश्न असतो.

शोध ब्राउझरमध्ये सुरू होतो आणि निम्मं पानिपत तिथेच होतं. सगळ्यात वर जाहिराती. त्याखाली 'दहा उत्तम अँटीव्हायरस' छापाच्या याद्या, ज्या लिहिणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांना प्रत्येक विक्रीमागे कमिशन मिळतं, म्हणजे पंचच फलंदाजाच्या पगारावर. मग डाउनलोडचं पान. त्यावर चार हिरवी 'डाउनलोड' बटणं ठळक चमकतात आणि खरं ते पाचवं, बारीक निळ्या अक्षरांतलं, कोपऱ्यात अंग चोरून बसलेलं असतं. फाइल घ्यायची ती बनवणाऱ्या कंपनीच्याच साइटवरून, हे पथ्य पाळलं तर पुढचे निम्मे आजार होतच नाहीत.

याद्यांऐवजी दोन प्रयोगशाळांचे निकाल बघावेत: जर्मनीत माग्डेबुर्गची एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियात इन्सब्रुकची एव्ही-कंपॅरेटिव्ज. एव्ही-टेस्ट संरक्षण, वेग आणि वापरातली सोय या तीन विषयांना प्रत्येकी ६, असे १८ गुण ठेवते. संरक्षणात हल्ली वरच्या बाकावरचे सगळेच पैकीच्या पैकी घेतात, म्हणून मी तो रकाना सोडून उरलेले दोन वाचतो. वापरातली सोय म्हणजे मुख्यतः खोट्या गजरांचा हिशेब. चोर सोडून संन्याशाला धरणाऱ्या पहारेकऱ्याचं माणूस आठवडाभर ऐकतो. नंतर खऱ्या चोरालाही सवयीने 'इग्नोर' दाबून आत घेतो.

एवढी पायपीट झाल्यावर कळतं, की काखेत कळसा होता. विंडोजमध्ये डिफेंडर हा मायक्रोसॉफ्टचा अँटीव्हायरस आधीच बसलेला असतो. २००६च्या सुमारास तो फक्त स्पायवेअर, म्हणजे चोरून पाळत ठेवणारे प्रोग्राम, पकडायचा, व्हायरस त्याच्या हद्दीत येत नसे. २०१२च्या विंडोज ८पासून त्याला दोन्ही खाती मिळाली. 'अँटीव्हायरस झाला, आता अँटीस्पायवेअर वेगळं कुठलं घेऊ?' हा प्रश्न त्या जुन्या काळातला आहे. आज एकच पहारेकरी दोघांनाही धरतो. पण तो फुकट आहे, आधीच आहे आणि काहीच मागत नाही, म्हणून त्याच्यावर कोणाचा विश्वास बसत नाही.

तरीही दुसरा हवाच असेल, तर इन्स्टॉलरच्या दुसऱ्या पडद्यावर थांबायचं. 'नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश' हा मंत्र म्हणणारा माणूस इथेच हमखास फसतो. मधोमध भलंमोठं 'इन्स्टॉल' बटण. त्याच्याखाली, भिंतीला टेकून उभ्या असल्यासारखा, फिकट राखाडी 'कस्टमाइझ'. तो दाबला की आतले पाहुणे दिसतात: नवा ब्राउझर, नवं सर्च इंजिन, ड्रायव्हर अपडेट करणारा कोणी, रजिस्ट्री साफ करणारा कोणी, आणि सगळ्यांच्या टिका आधीच मारलेल्या. एकेक टीक काढायची. रजिस्ट्री म्हणजे विंडोजची सेटिंगची वही. ती साफ केल्याने कॉम्प्युटर पळायला लागतो हा समज निव्वळ भाबडा आहे. चुकीची नोंद उडाली, तर मात्र चालू प्रोग्राम बंद पडतो.

आता दोन पहारेकऱ्यांचं. 'एकापेक्षा दोन बरे' हे गणित इथे उलटं चालतं. अँटीव्हायरसचा एक फिल्टर ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात बसतो. कुठलीही फाइल उघडली, की तो तिला दारात अडवतो, तपासतो आणि मग सोडतो. तिथे दोघे बसवले, की पहिला फाइल तपासायला उघडतो. कोणीतरी फाइल उघडली म्हणून दुसरा उठतो आणि तीच फाइल तपासायला घेतो. पहिल्याने पकडलेला व्हायरस क्वारंटाईनमध्ये, म्हणजे त्याच्या कोठडीत, टाकला, तर दुसरा तिथे जाऊन 'सापडला!' म्हणून ओरडतो. या शिष्टाचारात कर्सर गोल गोल फिरत राहतो आणि साधी वर्डची फाइल उघडेपर्यंत आत काय लिहायचं होतं तेच आपण विसरतो. बाहेरचा अँटीव्हायरस आला की डिफेंडर आपणहून बाजूला होतो. बाहेरचे दोन एकमेकांना ही सवलत देत नाहीत. जुना काढताना नुसतं अनइन्स्टॉल पुरत नाही, त्याचा ड्रायव्हर मागे राहू शकतो. त्याच कंपनीचं रिमूव्हल टूल घेऊन, शक्यतो सेफ मोडमध्ये (विंडोज फक्त गरजेपुरतं चालू करून), तो उपटायचा.

मग फुकट देणाऱ्याचं पोट कशावर चालतं? बहुतेकांचं 'प्रीमियम घ्या'च्या पॉपअपवर, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण कधी कुंपणच शेत खातं. माग काढणाऱ्यांपासून वाचवतो म्हणणाऱ्या अवास्ट या अँटीव्हायरस कंपनीने लोकांचा ब्राउझिंगचा तपशील जंपशॉट या आपल्याच उपकंपनीमार्फत विकला, असा ठपका अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ठेवला आणि २०२४मध्ये १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. जंपशॉट २०२०मध्येच बंद झाली होती. तेव्हा सेटिंगमधल्या प्रायव्हसीच्या पानावर 'डेटा शेअर करा' अशा टिका शोधून काढून टाकायच्या. ते पान मेनूत तीन पायऱ्या खाली असतं, आणि ते काही योगायोगाने नाही.

माझी जोडी साधी आहे. कायमच्या पहाऱ्याला डिफेंडर आणि संशय आला तर चौकशीला मालवेअरबाइट्स या स्कॅनरची फुकट आवृत्ती. ही आधी १४ दिवस प्रीमियमचा रुबाब करते, नंतर सांगितल्यावरच स्कॅन करते, त्यामुळे दारात भांडण नाही. ब्राउझरमध्ये न मागितलेले टूलबार (वरच्या जादा पट्ट्या) चिकटले असतील तर ते काढणारा अ‍ॅडडब्ल्यूक्लीनर. तो इन्स्टॉलही करावा लागत नाही. विंडोज चालू असताना लपून बसणारं काही असेल, तर डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन: कॉम्प्युटर रिस्टार्ट होतो, विंडोज पूर्ण उठायच्या आधी झडती होते, साधारण पंधरा मिनिटं. उघडलेली कामं आधी सेव्ह करावीत, कारण तो वाट बघत नाही.

विंडोज सिक्युरिटीत 'रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन' नावाच्या पानावर नको असलेले प्रोग्राम अडवण्याचं बटण आहे, ते चालू आहे ना ते बघावं. वरचे टूलबारवाले पाहुणे तिथेच अडतात. आणि 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ४७ व्हायरस' असं कोपऱ्यात खणखणत येतं, ते बहुधा अँटीव्हायरसचं नसतंच. कधीतरी कुठल्याशा साइटला नोटिफिकेशनसाठी 'अलाऊ' दाबलेलं असतं. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन ती परवानगी काढली, की ४७च्या ४७ एका क्षणात मरतात.

हे सगळं झाल्यावर पहारेकरी जागा आहे का, हे बघायला आयकार या संस्थेची चाचणी फाइल असते. ६८ अक्षरांची ओळ, अपाय शून्य, पण बहुतेक अँटीव्हायरस तिला व्हायरस समजायचं कबूल करून बसलेले. नोटपॅडमध्ये ती ओळ फाइलच्या अगदी सुरुवातीला टाकून सेव्ह करायची. 'सेव्ह' दाबता दाबता फाइल गायब झाली, तर पहारा चालू आहे. फाइल शांतपणे डेस्कटॉपवर बसून राहिली, तर मात्र टास्कबारमधली ती ढाल उघडून बघा. त्यावरची पिवळी खूण बहुधा कधीचीच तिथे आहे.