फ्रेंच टिप्सना जेलच लागतं, हे खरं नाही

लग्नसराई जवळ आली की बायकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. यंदाही फिरतोय. मजकूर थोडक्यात असा : साध्या नेलपॉलिशनं फ्रेंच मॅनिक्युअर, म्हणजे फिक्या गुलाबी नखांवर पांढरी टोकं, घरी जमतच नाही. पांढरा रंग रेघारेघांचा येतो, टेप लावल्याशिवाय कड नीट येत नाही. मुंबईच्या दमट हवेत पॉलिश वाळत नाही, म्हणून बोटं बर्फाच्या पाण्यात बुडवावी लागतात. वाळलीच तरी भांडी घासली की दुसऱ्या दिवशी टवके. आखूड नखांना आणि सावळ्या हातांना तर ते शोभतच नाही. तेव्हा सरळ जेल (पार्लरमध्ये दिव्याखाली कडक करतात ती पॉलिश) करून घ्या, त्यानं नखांना काहीही होत नाही.

मी दादरला पार्लर चालवते. जेलही करते आणि त्याचे पैसेही घेते. तरी हा मेसेज मला मनापासून खटकतो, कारण तो वाचून मुली घरातली चांगली बाटली बाजूला ठेवतात आणि साखरपुड्याच्या खर्चात आणखी एका खर्चाची भर घालतात.

आधी ‘जमतच नाही’ हे घेऊ. पांढऱ्या टोकांची ही फॅशन रुजवण्याचं श्रेय दिलं जातं ते अमेरिकेतल्या ‘ऑर्ली’ कंपनीचे संस्थापक जेफ पिंक यांना, आणि काळ १९७० च्या दशकातला. हॉलिवूडच्या नट्यांना प्रत्येक पोशाखाबरोबर नखांचा रंग बदलावा लागायचा, त्यात वेळ जायचा. कुठल्याही कपड्यावर चालेल असं काहीतरी हवं होतं, त्यातून ही पद्धत आली. आज आपण जिला जेल पॉलिश म्हणतो ती पार्लरमध्ये सर्रास दिसायला लागली २०१० च्या सुमारास. मधली तीसेक वर्षं बायकांच्या हातावर ही पांढरी टोकं साध्या पॉलिशनंही निघतच होती.

‘रेघा येतात.’ येतात, पण त्याला कारणं आहेत आणि ती दूर करता येतात. पांढऱ्या पॉलिशमध्ये रंग येतो तो टायटॅनियम डायऑक्साइडच्या पुडीमुळे. ही पूड जड असते, बाटली उभी राहिली की तळाशी बसते. मग वरचा भाग लावला की फिका आणि खालचा लावला की गठ्ठा. लावण्याआधी बाटली दोन्ही तळव्यांमध्ये मिनिटभर घोळवा, अर्धं काम तिथंच होतं. दुसरं, बाटली जुनी असेल तर आतलं द्रावक (पॉलिश पातळ ठेवणारा द्रव) उडून पॉलिश दाट झालेली असते. तिच्यात नेलपॉलिश थिनरचे दोन-तीन थेंब टाका. रिमूव्हर टाकू नका. त्यात बरेचदा पाणी आणि तेल असतं, त्यानं पॉलिशचा पापुद्राच नीट धरत नाही. आणि तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं : रंगाच्या एकाच हातात पांढरंशुभ्र करायचा हट्ट सोडा. पहिला हात पातळ, थोडा फिकाच दिसणारा. तो पूर्ण वाळू द्या, मग दुसरा. ओल्या थरावरून ब्रश फिरवला की खालचा रंग ओढला जातो, आणि मेसेजमध्ये ज्या रेघांची तक्रार आहे त्या बहुतेक याच.

आता टेप. ह्या मुद्द्यावर मला जरा जास्त बोलायचंय, कारण घरी करणाऱ्या मुली इथंच हार मानतात. सेलोटेपची कड सरळ असते आणि नख दोन्ही बाजूंनी गोल उतरतं. कडेला टेपला सुरकुती पडते, तिच्याखाली पांढरा रंग शिरतो. खालचा गुलाबी थर पुरता कडक झाला नसेल तर टेप काढताना तोही सोलून येतो. म्हणजे टेपनं कड नीट येणं तर सोडाच, बऱ्याचदा तीच कड बिघडवते.

त्यापेक्षा क्रम बदला. सगळीकडे दाखवतात तो क्रम असा की आधी गुलाबी, मग पांढरं टोक. साध्या पॉलिशसाठी मी उलटं सांगते. नखाला बिनरंगी बेस कोट लावा. तो वाळला की थेट पांढरं टोक काढा, आणि पारदर्शक गुलाबी सगळ्यात शेवटी अख्ख्या नखावरून फिरवा. फायदा असा की पांढरी कड वाकडी आली तरी ती खालून कोरून घेता येते. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारा दोन नंबरचा चपटा ब्रश रिमूव्हरमध्ये बुडवायचा, टिशूवर टिपून जवळजवळ कोरडा करायचा आणि पांढऱ्याच्या खालच्या कडेवरून एका दमात डावीकडून उजवीकडे न्यायचा. जास्तीचा पांढरा पुसला जातो, रेघ धारदार होते. गुलाबी आधीच लावलेली असती तर तीही पुसली गेली असती आणि डाग दिसला असता. बिनरंगी थर पुसला गेला तर कळतही नाही. नंतर वरून गुलाबी फिरली की पांढऱ्याचा भडकपणाही थोडा उतरतो.

टोक काढताना हात कसा धरायचा तेही सांगते. कोपर आणि करंगळी टेबलावर टेकलेली हवीत, हवेत हात धरून कुणाचीच रेघ सरळ येत नाही. ब्रशची एक बाजू बाटलीच्या तोंडाशी पूर्ण निपटून घ्या, म्हणजे दुसऱ्या बाजूवर अगदी थोडी पॉलिश उरते. ब्रश नखाच्या एका कोपऱ्यावर आडवा ठेवा आणि तो तिथंच स्थिर धरून बोट फिरवा. बोट कडेवर गोल फिरलं की रेघेला आपोआप हवा तसा बाक येतो. आपल्या नखाला निसर्गानं पांढरी कड दिलेलीच असते, तिच्यावरून जा. डाव्या हातानं उजव्या हाताची नखं रंगवतानाही ब्रश हलवायचा नसल्यामुळे थरथर फारशी जाणवत नाही. तरीही नाहीच जमलं तर सिलिकॉनचा मऊ स्टॅम्पर मिळतो. त्याच्यावर पॉलिशचा पातळ हात द्यायचा आणि लगेच नखाचं टोक तिरकं दाबायचं. ‘लगेच’ म्हणजे अक्षरशः लगेच, साधी पॉलिश त्याच्यावर काही सेकंदांतच सुकायला लागते. क्रॉफर्ड मार्केटच्या ब्युटीच्या सामानाच्या दुकानांत विचारून बघा.

वरची गुलाबी लावताना ब्रशवर थेंब भरपूर असू द्या आणि ब्रश नखाला न दाबता नुसता तरंगत न्या. दाबलात तर पांढरा ओढून खाली आणेल. टोक काढल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबा, मगच गुलाबी.

मुंबईच्या हवेबद्दल. पॉलिश वाळते म्हणजे तिच्यातली इथिल ॲसिटेट, ब्युटिल ॲसिटेट ही द्रावकं उडून जातात आणि नायट्रोसेल्युलोजचा पापुद्रा मागे राहतो. पाणी उडून जाण्याची ही गोष्टच नाही, त्यामुळे हवा दमट म्हणून पॉलिश वाळत नाही हे खरं नाही. वाळत नाही ती जाड लावल्यामुळे : दुधावर साय धरावी तसा वरचा थर धरतो आणि आतलं ओलंच राहतं. मग रात्री झोपलं की सकाळी चादरीची नक्षी नखावर. पावसाळ्यात एक त्रास मात्र खरोखर होतो. पंखा फुल करून त्याखाली हात धरला की द्रावक झपाट्यानं उडतं, पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली वाफ त्यावर बसून चकाकी दुधाळ होते. जुलै-ऑगस्टमध्ये पंखा कमी ठेवा आणि थर पातळ.

बर्फाचं पाणी? गारव्यानं वरचा थर तात्पुरता घट्ट होतो, पण आतलं द्रावक उडणं उलट मंदावतं. वाळल्यासारखं वाटून तुम्ही पर्स उघडायला जाता आणि टोक दबतं. अजिबात करू नका.

‘दुसऱ्या दिवशी टवके.’ टवके टोकापासून सुरू होतात, म्हणून टॉप कोट, म्हणजे गुलाबी वाळल्यावर वरून द्यायचा बिनरंगी थर, नखाच्या टोकाच्या जाडीवरूनही फिरवायचा. ही एक सवय लावली तर फरक दिसतो. लावण्याआधी नखावरचं तेल रिमूव्हरच्या कापसानं पुसून घ्यायचं. भांडी घासताना रबरी हातमोजे घाला, आणि दोन दिवसांनी टॉप कोटचा आणखी एक पातळ हात द्या. आपल्याकडे टवक्यांपेक्षा मोठा प्रश्न हळदीचा आहे आणि त्याबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही! हातानं वरणभात, रस्सा खाल्ला की पांढरी टोकं पिवळी दिसायला लागतात. टॉप कोट असेल तर डाग वरच राहतो, हात धुऊन थोडा वेळ उन्हात धरला की हळदीचा रंग बराच उडतो. आणि नवरीला माझं नेहमी सांगणं असतं, टिप्स हळदीच्या आधी रंगवू नकोस, हळद उतरल्यावर रंगव.

आखूड नखं : रेघ बारीक काढा, साधारण एक मिलिमीटर. सुंदर दिसते. पुढे.

सावळ्या हातांचा मुद्दा वाचून मात्र मला राग आला. पार्लरमध्ये मुली हात मागे ओढत विचारतात, “ताई, माझ्या रंगाला चालेल का?” दोष त्यांच्या हातांचा नाही. बाजारातल्या फ्रेंचच्या तयार सेटमध्ये जी फिकी बेबी-पिंक येते ती गोऱ्या कातडीला धरून केलेली असते, गव्हाळ-सावळ्या हातावर ती राखाडी दिसते. तिच्या जागी पीच, कॅरॅमल किंवा दुधाच्या चहाच्या रंगाची पारदर्शक छटा घ्या आणि शुभ्र पांढऱ्याऐवजी हस्तिदंती. अशी छटा मिळाली नाही तर फॉइलच्या तुकड्यावर बिनरंगी पॉलिशचे थेंब घेऊन त्यात आपल्या रंगाच्या न्यूड पॉलिशचा एक थेंब कालवा. दोन्हींचा पाया एकच, छान मिसळतात. सावळ्या बोटांवर हस्तिदंती टोक जसं उठून दिसतं तसं इतर कुठेच दिसत नाही, हे मी रोज बघते.

राहिलं ‘जेलनं काही होत नाही’. जेल वाईट असं मी म्हणणार नाही, नीट केलेलं आणि नीट काढलेलं जेल छान टिकतं. पण ‘काहीही होत नाही’ हे चूक आहे. जेल कडक होतं ते दिव्याच्या अतिनील किरणांनी. त्यासाठी अमेरिकन ॲकॅडमी ऑफ डर्मेटॉलॉजी हाताला सनस्क्रीन किंवा बोटं उघडी ठेवणारे मोजे सुचवते. कच्चं जेल कातडीला वारंवार लागलं तर ॲलर्जी होऊ शकते, आणि ती एकदा झाली की सहसा आयुष्यभर राहते. दिव्याखाली जेल कडक व्हावं म्हणून काही जेलमध्ये वापरल्या जाणाऱ्या टीपीओ या घटकावर युरोपियन युनियननं १ सप्टेंबर २०२५ पासून नखांच्या उत्पादनांत बंदी घातली आहे. ती प्राण्यांवरच्या अभ्यासावरून आहे, त्यामुळे आधी लावलेल्यांनी घाबरून जाऊ नये, पण आपल्या पार्लरमध्ये बाटलीवरचे घटक दाखवायला सांगायला काहीच हरकत नाही. आणि सगळ्यात जास्त नुकसान होतं ते लोकलमध्ये बसल्या बसल्या सुटलेलं जेल नखानं ओढून काढल्यानं. त्याच्याबरोबर नखाचे पापुद्रे निघतात. नख महिन्याला जेमतेम तीन मिलिमीटर वाढतं, म्हणजे ते पातळ झालेलं नख पूर्ण पुढे सरकून कापलं जायला सहाएक महिने जातात.

ऑपरेशन किंवा बाळंतपणाची तारीख जवळ असेल तर साधीच पॉलिश लावा. दवाखान्यात बोटाला ऑक्सिजन मोजायचं क्लिप लावायच्या आधी नखं मोकळी करायला सांगतात. साधी पॉलिश कापूस आणि रिमूव्हरनं दोन मिनिटांत निघते, जेलला ॲसिटोनमध्ये भिजवून दहा-पंधरा मिनिटं बसावं लागतं.